दुसऱ्याचा अंधार

मुंबईचे पाहुणे अहेरीला आले की प्राणहितेच्या वाळूत पाय पसरून एकच वाक्य म्हणतात, "काय शांतता आहे हो! हे असंच राहू द्या बरं का!" जणू ती शांतता आम्ही त्यांच्यासाठी मुरांब्यासारखी बरणीत घालून ठेवलीय! पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येतो, भामरागडचा रस्ता बंद पडतो. तेव्हाची शांतता बघायला मात्र कुणी येत नाही. मला त्यांचा भारी राग येई.

मग एकदा मीच मुंबईला गेलो. मेहुण्यानं गेटवेवरून लाँचनं घारापुरीला नेलं. तासाभराचा समुद्र, दमवणाऱ्या पायऱ्या, लेण्यातला तो तीन मुखांचा सदाशिव. उतरताना एका मावशींच्या टपरीवर टेकलो. बोलताबोलता कळलं, बेटावर वीज नाही. संध्याकाळी काही तास जनरेटर चालतो, तेवढाच उजेड. मी भारावून म्हणालो, "भाग्यवान आहात, मावशी! हे असंच राहू द्या!"

ग्लास विसळत मावशी म्हणाल्या, "मग ऱ्हाता का आजची रात?"

मी घाईघाईनं घड्याळ पाहिलं.

2018 च्या फेब्रुवारीत समुद्राखालून केबल टाकून घारापुरीत वीज आली. पेपरात वाचून आनंद झाला. पण खोटं कशाला बोलू, मनाचा एक कोपरा हळहळलाच. दुसऱ्याच्या गैरसोयीला सौंदर्य म्हणण्याचा हक्क, मला वाटतं, परतीचं तिकीट फाडून टाकणाऱ्यालाच असावा.

मी त्या दिवशी माझं तिकीट दोनदा चाचपून पाहिलं होतं.