खवल्यावरची वर्षं

आमच्या मोरिवलीत पहिला मोठा पाऊस झाला की वलगण चढायची. ओढे गढूळ होऊन शेतात घुसायचे आणि मासे अंडी घालायला उलट्या पाण्याने वर यायचे. रात्री कंदील, टोपल्या, विळे घेऊन सगळा गाव बांधावर. आजाही जायचा. पण गाभोळीने पोट फुगलेली मासळी हाती आली की तो परत पाण्यात टाकी.

"पोटान गाभोळी हाय तिचे, जाव दे."

लोक हसायचे. तू सोडलीस तरी पुढच्या बांधावरचा सोडतोय थोडाच! मलाही तो खुळेपणाच वाटे, कारण गाभोळी मला फार आवडायची. अजून आवडते.

परवा भाचा आला. तो मत्स्यशास्त्र शिकतो. बाजारातून आणलेल्या रोहूच्या पाठीच्या पराखालचं एक खवलं त्याने उपटलं, धुतलं आणि भिंगाखाली धरलं. झाडाच्या खोडात असतात तशी बारीक वर्तुळं. माशाची खवली मोजकीच असतात. मासा वाढतो तशी तीच वाढतात. खायला भरपूर असतं तेव्हा वर्तुळं सुटी पडतात, उपासमारीत दाटतात. थंड देशांत ही दाटी हिवाळ्याची. आपल्याकडे तसा हिवाळा कुठला? इथे बऱ्याचदा अंडी घालण्याच्या ओढाताणीची खूण उमटते, म्हणून वर्ष ठरवताना जपून राहावं लागतं, असं तो म्हणाला.

म्हणजे आजा ज्यांना सोडायचा, त्यांच्या अंगावर ती रात्र लिहिली जात असणार. जगल्या असतील तर.

हे 'तर' मला सुटत नाही. पुढे वालधुनीत कारखान्यांचं पाणी आलं, नदी काळी झाली, वलगण थांबली. आजाने वाचवलेल्यांची पिल्लंही त्यातच गेली असतील. मग हसणारे बरोबर होते का? त्यांनी निदान पोटभर खाल्लं. पण नदी मेली म्हणून त्या रात्रीची दया फुकट म्हणायची, तर उद्याची हमी असल्याशिवाय कुणी काही सोडायचंच नाही.

"जिवंत माशाचं खवलं काढून त्याला सोडता येतं?" मी विचारलं.

"येतं, मामा. नवीन खवलं उगवतं. पण मधली वर्तुळं त्यात नसतात, मध्य कोराच राहतो. म्हणून आम्ही एकावर विसंबत नाही, चारपाच बघतो."

तेवढ्यात आतून हाक आली, कालवण निवतंय. रोहूला गाभोळी होती. ती मी खाल्ली.