पाहणाऱ्याचे घर, राहणाऱ्याचे घर

बडनेऱ्याचे जंक्शन सर्वांना ठाऊक असते. बडनेरा फार थोड्यांना. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला, स्थानकाभोवती नवी वस्ती वाढली आणि मूळ गाव ‘जुनी वस्ती’ होऊन मागे राहिले. आम्ही रेल्वेवाले. स्थानकापलीकडच्या त्या गल्ल्यांत बाजारापुरते जाणारे. गेल्या उन्हाळ्यात मात्र एक परिचित धर्मगुरू, जे काही वर्षे जर्मनीत अभ्यासासाठी राहून आले आहेत, माझ्याकडे उतरले असता म्हणाले, “चला, तुमच्या गावातली लाकडी घरे दाखवा.” मला लाज वाटली, कारण दाखवण्यासारखे काही आहे हेच मला माहीत नव्हते.

रस्त्यावरून पाहता खरोखरच काही दिसत नाही. मातीने लिंपलेली जाड, मुकी भिंत आणि तिच्यात एक बुटका दरवाजा. आत पाऊल टाकल्यावर घर उलगडते. मेळघाटातून बैलगाड्यांनी आलेल्या सागाचे खांब दगडी तळखड्यांवर उभे, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचे धाबे. अशा घराची मोजणी फुटांत होत नसे, खणांत होई. किती खणांचे घर, एवढे विचारले की घराण्याची ऐपत कळे. महत्त्वाची गोष्ट अशी की धाब्याचा भार भिंत वाहत नाही, खांब वाहतात. भिंत केवळ आडोसा.

फादर हरखून गेले. जर्मनीतील फ्रिट्झलार या गावच्या बाजारचौकात त्यांनी अशीच घरे पाहिली होती. फरक इतकाच की तिथे लाकडाचा सांगाडा बाहेरून दिसतो, उभ्या-आडव्या-तिरप्या वाशांची नक्षीच जणू. त्या वाशांमधील चौकोन कशाने भरतात, असे मी विचारले. काटक्या विणून त्यांवर गवत कालवलेला चिखल थापतात, असे त्यांनी सांगितले. म्हणजे आपला कूडच की! ज्या कुडाच्या भिंतीची आपल्याकडे सोयरीक ठरवताना लाज वाटते, ती पाहायला तिथे लोक तिकीट काढून दूरदेशीहून येतात. घरमालकीणबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांना ती थट्टाच वाटली.

त्या बाई सत्तरी ओलांडलेल्या. मुलगा पुण्याला नोकरीत. घर उतरवून त्या जागी दोन खोल्यांचे स्लॅबचे घर बांधायचे ठरले होते आणि सागवानाचा सौदा जवळजवळ झाला होता. कोरीव घोडे असलेले चार खांब शहरातील एखाद्या हॉटेलात शोभेसाठी जाणार, असे व्यापारी म्हणाला होता. फादरांना राहवले नाही. “आजी, हे विकू नका. असे काम पुन्हा होणार नाही.” आजींनी वर धाब्याकडे बोट दाखवले. “फादर, तुमी फोटो काहाडून चालले जासान. पानी माह्या अंगावर गयते.”

परतताना आम्ही दोघेही फारसे बोललो नाही. एका वाक्यात त्या बाईंनी आमच्या कौतुकाची किंमत शून्य करून टाकली होती.

वाचकहो, प्रश्न साधा वाटतो, पण तो साधा नाही. वस्तू ज्याची, त्याने ती ठेवावी वा विकावी, असे व्यवहार सांगतो. संत थॉमस अक्वायनस मात्र आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात मालकी आणि उपयोग यांत भेद करतात. वस्तू सांभाळण्याचा व तिची व्यवस्था पाहण्याचा अधिकार व्यक्तीचा असू शकतो. उपयोगाच्या बाबतीत मात्र माणसाने ती सर्वांची समजावी आणि गरजवंताला देण्यास तयार असावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात निसर्गाच्या वारशाबरोबरच ऐतिहासिक व सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचाही विचार मांडला आहे. हे सारे वाचून आजींच्या खांबांवर गावाचाही हक्क आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण मग गळणाऱ्या पाण्यावर गावाचा हक्क का नाही? वारसा सर्वांचा आणि डागडुजी एकटीची, हा कुठला न्याय? अक्वायनसांचा नियम दोन्ही बाजूंनी लागतो. जर्मनीत संरक्षित घराला मालकाला मनाप्रमाणे हात लावता येत नाही; पण दुरुस्तीच्या खर्चावर त्याला प्राप्तिकरात सवलतही मिळते. समाज अडवतो, तसा काही वाटाही उचलतो. आपण नुसते हळहळतो.

स्लॅबचा हट्ट मुलाचा होता आणि त्यामागची भीती मला खोटी वाटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. तेव्हापासून माती-दगडाच्या जुन्या घरांविषयी लोकांच्या मनात जो धसका बसला तो अजून गेलेला नाही. मात्र तिथल्या पडझडीची पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना आणखी एक गोष्ट दिसली. जाडजूड दगडी भिंती कोसळल्या होत्या, पण पुष्कळ घरांत लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला होता. मारले ते भिंतींनी आणि धाब्यावर पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेल्या मातीच्या ओझ्याने.

म्हणून मला वाटते, अशा घराचा निकाल विक्रीच्या दिवशी लागत नाही. तो आधीच लागलेला असतो. धाब्याची जुनी माती खरवडून दर उन्हाळ्यात नवी पसरावी लागते, उदई लागली का म्हणून खांबांची बुडे पाहावी लागतात. हे काम करणारे हात एकेक करून शहरांत गेले. मिस्साच्या आरंभी आपण विचाराने, शब्दाने आणि कृतीने केलेल्या पापांबरोबर कर्तव्य चुकल्याचीही कबुली देतो. ती चूक कधी एका दिवसाची नसते, म्हणून ती कुणाच्या डोळ्यांत येत नाही. विकणारी आजी सर्वांना दिसते. पंचवीस उन्हाळे धाब्यावर न चढलेले आपण कुणालाच दिसत नाही.

मग घर उतरवणे हे स्वतः पाप आहे काय? मला तसे वाटत नाही. जुन्या जर्मन कायद्यात लाकडी घर जंगम मालमत्तेत मोडे. सुतार आपल्या आवारात लाकडे कापून जुळवी, प्रत्येकावर खुणेचा आकडा खोदी आणि मग ती नेऊन उभी करी. उकलून दुसरीकडेही नेता येत. आजींच्या ओसरीतल्या एका खांबावर मला छातीइतक्या उंचीवर एक रिकामी खाच दिसली. तिच्यात बसेल असे कुसू त्या घरात कुठेच नव्हते. तो खांब आधी दुसऱ्या कुणाच्या तरी घरात उभा होता. फ्रिट्झलारचीच गोष्ट घ्या. ७२३ च्या सुमारास संत बोनिफास यांनी तिथल्या गाइस्मार येथे डोनार देवाचा ओक तोडला आणि त्यांच्या चरित्रकाराने लिहिल्याप्रमाणे त्याच लाकडाचे संत पेत्राच्या नावे प्रार्थनामंदिर उभारले. (दुसऱ्याचे पूज्य झाड तोडणे आज आपल्याला रुचणार नाही, आणि रुचू नये.) पण तो ओक शोभेची वस्तू झाला नाही. त्याच्याखाली माणसे जमत राहिली. हॉटेलातला खांब काहीही तोलत नाही. वरचे छत सिमेंटचे असते. मला खटकते ते हे. साग पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावरचे छप्पर तोलणार असेल, तर आजींनी तो खुशाल विकावा.

हे सारे सांगण्याचा मला कितपत अधिकार आहे, हेही मी स्वतःला विचारले आहे. आम्हा रेल्वेवाल्यांची घरे कधी आमची नव्हतीच. क्वार्टर मिळे आणि निवृत्तीबरोबर सुटे. वडिलांच्या वेळी आमचे क्वार्टर सोडायचे ठरले, तेव्हा तावदाने, नळ, कड्या यांची मोजदाद झाली. सारे यादीप्रमाणे भरले. त्यानंतर वडिलांनी बाजारातून चुना आणला आणि दोन दिवस खपून दोन्ही खोल्या पांढऱ्या केल्या. यादीत ते नव्हते. आई बांधलेल्या ट्रंकेवर बसून होती. “आता कोणासाठी?” तिने विचारले. नवीन येणाऱ्याचे नावही आम्हाला ठाऊक नव्हते. वडिलांनी हात धुतले आणि ते किल्ली द्यायला गेले. चुन्याच्या त्या पैशांवरून आई पुढे कितीतरी दिवस कुरकुरत होती.