डागाचा धनी कोण?

घरच्या अंधाऱ्या खोलीत कृष्णधवल फिल्म धुणाऱ्याला निगेटिव्हवरचा डाग नवा नसतो. नवे असते ते त्याचे निमित्त. पाणी जड, रसायन शिळे, उन्हाळा कडक! परमुलखात राहणाऱ्या आपणां मंडळींना तर ‘इथल्या पाण्या’वर दोष ढकलण्याची सवयच जडलेली असते.

डाग मात्र आपले कुळ सांगतो. फिल्म वाळल्यावर चकचकीत बाजूवर उरलेले पांढुरके वर्तुळ हा जड पाण्यातील क्षारांचा ठसा होय; फिल्म पुन्हा भिजवून अखेरीस शुद्ध पाण्यातून काढली की तो बहुधा जातो. दुधाळ छटा अपुऱ्या हायपोची खूण. ताज्या हायपोत ती वेळीच निवळते. काचेसारखा स्वच्छ वाटोळा ठिपका म्हणजे डेव्हलपरमध्ये चिकटून राहिलेला बुडबुडा. तेथे प्रतिमा उमटलीच नाही. त्याला उपाय नाही.

चौथा डाग निराळा. चांदीचे क्षार विरघळवण्याचा हायपोचा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये दाखवला आणि १८३९ पासून छायाचित्रे त्याच्या बळावर टिकू लागली. पण प्रतिमेला तारणारे हे द्रव्य धुण्यात निघून गेले नाही, तर तेच तिला ग्रासते. निगेटिव्ह त्या दिवशी निर्दोष दिसते. वर्षांमागून वर्षे चांदीचे सल्फाइड होत जाते आणि पिवळट-तपकिरी डाग वर येतो.

माझ्या आईची एकुलती एक निगेटिव्ह अशीच डागळली. धाकट्या भावाने पेटी ओलीत ठेवली, असे मी वीस वर्षे म्हणत आलो. तो कधी उलटून बोलला नाही. परवा ती पेटी पुन्हा उघडली. त्याच पेटीतील, त्याच ओलीतील इतर निगेटिव्ह स्वच्छ होत्या. मग ती रात्र आठवली: डोळ्यांवर झोप होती, आणि अर्ध्या तासाचे धुणे मी पाच मिनिटांत उरकले होते.

जी कसूर घडताना कोणी पाहिली नाही आणि जिचे फळही तत्काळ दिसले नाही, ती कसूर म्हणावी काय? मला वाटते, तीच खरी कसूर. दिसणाऱ्या चुकीला लोकलज्जा आवर घालते. न दिसणारीला आवरणारे आपल्यावाचून दुसरे कोणी नसते. प्रिंटवर कुंचला फिरवून डाग झाकता येईल, पण त्याचा धनी बदलत नाही.

निगेटिव्ह आता सुधारणार नाही. भावाला मात्र त्याच रात्री पत्र लिहिले.