खांदेश्वरच्या पुढे

नवीन पनवेलच्या काकूंची लोकल वर्षानुवर्षं खांदेश्वरलाच संपायची. पनवेलहून गाडी सुटते म्हणून खिडकी हमखास मिळे. पण पहिलं स्टेशन येईस्तोवर काकूंचा चेहरा उतरलेला असे.

"अहो, गॅस बंद केला होता ना?"

"केला गं. मी स्वतः पाहिलाय."

मिनिटभर बरं जायचं, मग पुन्हा तोच प्रश्न. शेवटी दोघं उतरून उलट्या गाडीनं घरी. दादरचं भाचीचं लग्न असंच हुकलं. आहेराची साडी अजून कपाटात आहे, घडीसकट.

घरात रेग्युलेटरला सात वेळा हात लावून बघणं चाले. मोजताना कुणी बोललं की पुन्हा एकपासून. शेगडीचं एक बटण पिळून पिळून तुटलं, अंगठ्याला घट्टा पडला. गॅस बंद आहे हे काकूंना दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पटत नव्हतं. आपल्याकडे याला मंत्रचळ हा जुना शब्द आहे. हल्ली कपाट नीट लावणारेही 'मला ओसीडी आहे' म्हणून मिरवतात. त्यांनी एकदा काकूंबरोबर घराबाहेर पडून दाखवावं.

दृष्ट काढून झाली, शांत घालून झाली. मग शेजारच्या मुलीनं १४४१६ लावून दिला. २०२२ पासूनची सरकारची टेलिमानस सेवा, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. तिथून मनोविकारतज्ज्ञ. गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला दोन-तीन महिने लागतील, मध्येच सोडायच्या नाहीत, असं बजावून डॉक्टर काकांकडे वळले.

"आणि तुम्ही उत्तरं देणं थांबवा."

काकांना ते लागलं. पस्तीस वर्षं धीर दिला, त्याचं हे फळ?

"धीर नाही काका, घास. शंका दारात आली की तुम्ही तिला भरवता. उद्या ती पुन्हा येणारच."

१९६६ साली लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी मांडलेली पद्धत डॉक्टरांनी समजावली: शंका येऊ द्यायची, पण तपासायला जायचं नाही. घालमेल चढते, चढून आपली आपण उतरते. मात्र रुग्णानं स्वतः कबूल केल्याशिवाय जबरदस्ती नाही. पायऱ्या काकूंनीच ठरवल्या: सातावरून तीन, तीनावरून एक. अडीच महिन्यांनी त्याच म्हणाल्या, भाचीकडे जाऊ या. साडी घेऊन.

खांदेश्वर आलं.

"अहो, गॅस?"

काकांच्या ओठांवर 'बंद आहे' आलंच होतं. त्यांनी ते गिळलं. "माहीत नाही," ते म्हणाले. ठरलेलंच उत्तर, पण म्हणताना आवाज चिरकला.

काकूंनी खिडकीचा गज घट्ट धरला. गाडी सुटली. मानसरोवरला त्यांच्या कपाळावर घाम होता, खारघरला डोळे मिटलेले. बेलापूर गेलं, नेरूळ गेलं. सानपाड्याला त्यांनी पिशवीतून चकली काढली.

वाशीच्या खाडीपुलावर गाडी धडधडत चढली तेव्हा काकू पाण्याकडे बघत होत्या. शेजारी काका मात्र अस्वस्थ. निघण्याच्या गडबडीत आज आपण स्वयंपाकघरात डोकावलोच नाही, हे त्यांना आत्ता आठवलं होतं.

"काय झालं हो?"

"काही नाही. चकली दे."