बिनजामिनाचा सल्ला

सहकारी बँकेत कर्जखात्याच्या टेबलावर वीस वर्षं काढली की माणसाला एक गोष्ट कळते. कर्ज मागणाऱ्याचा चेहरा कधीच इतका केविलवाणा नसतो, जितका जामीन राहणाऱ्याचा असतो. 'नुसती सही तर करायची आहे' असं सांगून त्याला कचेरीतून उठवून आणलेलं असतं. पेन हातात घेईपर्यंत तो मित्राच्या सद्गुणांविषयी बोलत असतो. पेन कागदाला टेकवताना मात्र हळूच विचारतो, "म्हणजे समजा, यानं नाहीच भरले तर?" मी म्हणतो, "तर तुमच्या पगारातून." तिथं मैत्रीची किंमत कळते. बहुतेक वेळा ती पन्नास हजारांच्या आत असते.

सल्ल्याला अशी सही लागत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सल्ला हा संपूर्ण विनातारण व्यवहार. देणाऱ्याचं काही जात नाही. घेणाऱ्याचं काय जाईल ते पुढं कळतं. आणि हा माल सगळ्यात जास्त उचलणारं गिऱ्हाईक म्हणजे पहिलटकरीण.

माझी भाची पुण्याला वाकडमध्ये अकराव्या मजल्यावर राहते. तिचं बाळ तीन महिन्यांचं. तिच्या मोबाइलमध्ये एक ग्रुप आहे, त्यात १८० आया आहेत. (हे आईचं अनेकवचन. पगारी आया वेगळ्या, त्यांचा ग्रुप वेगळा आणि जास्त संघटित.) यातल्या चार-पाच जणी सोडल्या तर भाचीनं कुणालाही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण कुणाच्या बाळाला कोणत्या कुशीवर झोप लागते, हे तिला तोंडपाठ आहे.

एकदा बाळाला चार दिवस शी झाली नाही. भाचीनं रात्री तीन वाजता ग्रुपवर विचारलं. सात मिनिटांत अकरा उत्तरं आली. रात्री तीनला जागे असणारे लोक म्हणजे चोर, पहारेकरी आणि बाळंतिणी. त्यातल्या पहिल्या दोघांना लिहायला फुरसत नसते. एकीनं पोटावर शेक सांगितला. एकीनं विड्याच्या पानाचा देठ सांगितला, त्यावर दुसरीनं 'असलं काही करू नका गं' म्हणून दटावलं. तिसरी म्हणाली, माझ्याला सहा दिवस नव्हती, सकाळी डॉक्टरांना दाखव. सकाळी डॉक्टर म्हणाले, निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांचं या वयात असं होतं. पीत असेल, खेळत असेल, पोट मऊ असेल तर थांबा. पाचव्या दिवशी दुपारी प्रश्न आपोआप सुटला. त्या वेळी बाळ माझ्या मांडीवर होतं, एवढंच सांगतो.

प्रश्न सुटला, पण घरात एक नवा उभा राहिला. भाचीची आई, म्हणजे आमची अक्का, चिपळूणहून बाळंतपणासाठी येऊन राहिलेली. तिला हे सगळं नाश्त्याच्या वेळी कळलं. ती मला गॅलरीत घेऊन गेली आणि म्हणाली, "रात्री तीन वाजता एकशेऐंशी परक्या बायकांना विचारलंन. मी भिंतीपलीकडं होते रे!"

आता यात वाईट काय झालं, हे मला पटकन सांगता येईना. म्हटलं तर काहीच नाही. प्रश्न विचारला, उत्तर मिळालं, अक्काची झोप वाचली. हिशेब जुळतो. पण अक्काच्या तोंडाकडं पाहिल्यावर तो जुळत नव्हता.

अक्काच्या वेळचा ग्रुप मला चांगला आठवतो. तो गावातल्या आमच्या विहिरीवर भरत असे. सभासद वीस-पंचवीस. बाळाला न्हाऊ घालणारी म्हातारी ही त्याची मुख्य व्यवस्थापक. वेखंड, बाळहिरडा, जायफळ, मुरडशेंग सहाणेवर किती वेढे उगाळायचं, यावर तिथं ठराव होत. सल्ला देणारी बाई दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन बाळाच्या पोटावर हात फिरवून जाई. म्हणजे जामीनदार समोर, घरदार माहीत, पळून जाणार कुठं? हे त्या ग्रुपचं मोठं बळ होतं.

मात्र त्या सल्ल्यावर व्याज फार असे. एकदा घेतलात की जन्मभर फेडा. सल्ला ऐकला आणि बाळ बरं झालं, तर मुलाच्या लग्नात त्या बाईला पहिल्या पंगतीत बसवायचं. नाही ऐकला आणि बाळ शिंकलं, तर "सांगितलं होतं मी" हे वाक्य तुमच्या खात्यावर कायमचं. आणि चुकीच्या सल्ल्याचं काय? जुलाब होणाऱ्या बाळाचं पाणी तोडा, असं सांगणाऱ्या कितीतरी मायाळू बायका होत्या. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारोंचे प्राण वाचवले. म्हणजे विहिरीवरच्या सल्ल्याच्या नेमकं उलट. त्याच वर्षी आपल्या देशात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १२९ पहिला वाढदिवस पाहत नसत. २०२३ साली हा आकडा २५ वर आला. माझ्या आजीला आठ मुलं झाली, त्यातली पाच जगली. उरलेल्या तिघांबद्दल ती 'देवाची इच्छा' म्हणे. जामीनदारांपैकी कुणाच्या पगारातून काही कापून गेलं नाही.

शिकलेल्यांच्या सल्ल्याचीही गत फार वेगळी नाही. अमेरिकेतल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनावरचं पुस्तक १९४६ साली निघालं आणि जगभर गेलं. पुढच्या काही आवृत्त्यांत त्यांनी बाळाला पालथं झोपवा असं लिहिलं. भला माणूस, हेतू शुद्ध. पण पालथं झोपलेलं बाळ झोपेतच दगावण्याचा धोका वाढतो हे नंतर सिद्ध झालं, आणि १९९४ साली अमेरिकेत बाळांना उताणं झोपवा म्हणून मोहीम काढावी लागली. आजी, डॉक्टर आणि मोबाइल यांत सगळ्यांत खरं कोण, हा वाद मी म्हणूनच घालत नाही. सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर्षाच्या आत मध चाटवू नये हेही आता पक्कं ठाऊक आहे. हे दोन्ही भाचीला त्या ग्रुपवरच कळलं, आणि त्याच ग्रुपवर त्याच आठवड्यात तिला एक चमत्कारिक लोखंडी कडंही विकत घ्यायला सांगण्यात आलं. एका प्रश्नापाठोपाठ जाहिराती तर अशा येतात की बाळाच्या लंगोटाची बातमी बापाच्या आधी कंपनीला असते.

बापाचं नाव निघालंच म्हणून सांगतो. १८० आयांच्या त्या ग्रुपमध्ये बाप एकही नाही. म्हणजे रात्री तीनला १८० मोबाइल उजळतात, तेव्हा तितकेच गृहस्थ शेजारी घोरत असतात. कायदाही त्यांच्या झोपेला जपून आहे. २०१७ पासून बाईला बाळंतपणाची २६ आठवडे रजा मिळते. बापाला, तो केंद्र सरकारचा नोकर असेल तर, १५ दिवस. खाजगी नोकरीत साहेबाची मर्जी. पंधरा दिवसांत माणूस बारशाचे पेढे वाटून परत येतो. आमचे भाचेजावई स्वभावानं सोनं आहेत, पण रात्रीचे ते तिजोरीतलं सोनं.

मला स्वतःला खटकतं ते वेगळंच. आमच्या जुन्या कागदपत्रांत अल्पवयीन मुलाला 'अज्ञान' म्हणतात आणि आईला 'पालनकर्ती'. अज्ञानाच्या खात्यात पालनकर्तीनं पैसे भरावेत, पण ते उधळायचा तिला अधिकार नाही. आणि मुलगा १८ वर्षांचा झाला की तो येऊन स्वतः सही करतो. मग त्याच्या पुरळाचा, लंगोटाचा, रडण्याचा फोटो १८० घरांत गेला, ते कुणाच्या सहीनं? २०२३ साली आपल्याकडे माहिती-संरक्षणाचा कायदा झाला. त्यात मुलाची माहिती घ्यायची तर आईबापांची संमती हवी म्हटलं आहे. पण वाटणारी आईच असेल तर संमती कुणाला विचारायची? फ्रान्सनं २०२४ साली कायदाच केला की मुलाच्या छायाचित्रांचा मान आईबापांनीही राखला पाहिजे. माझी आईसुद्धा माझ्या अंथरुणाची हकिकत सगळ्या आळीला सांगायची म्हणा. पण आळीची स्मरणशक्ती कमी होती, आणि ज्यांची चांगली होती ते एकेक करून गेले. मोबाइल मरत नाही.

हे मी भाचीला ऐकवलं. ती काही बोलली नाही. तिनं मोबाइल पुढं केला. "मामा, हे वाच. कुणी लिहिलंय ते विचारू नकोस."

एकीनं लिहिलं होतं, की आज बाळ दोन तास रडत होतं आणि मला त्याचा इतका राग आला की त्याला पलंगावर ठेवून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. वाटलं, असंच दार उघडून खाली उतरावं आणि चालू लागावं. मी आई व्हायच्या लायकीची नाही का?

खाली उत्तरं होती. 'मलाही.' 'मलाही.' 'काल मलाही.' अशी चाळीसेक. एकीनं लिहिलं होतं, रोज असं वाटत असेल तर डॉक्टरशी बोल, हा आजार असतो, माझा बरा झाला. बाकी कुणी सल्ला दिला नव्हता.

विहिरीवर हे कुणी बोललं असतं का, याचा मी विचार करत राहिलो. बोलली असती तर संध्याकाळपर्यंत ते सासूच्या कानावर गेलं असतं आणि रात्री दृष्ट काढली गेली असती. आईला सांगावं तर आई रडते, किंवा "आम्ही नाही वाढवली चार-चार?" म्हणते. जिचा जीव गुंतलेला आहे तिला हे ऐकवत नाही, आणि जिला ऐकवतं तिचा जीव गुंतलेला नाही. जामीनदार नसल्यामुळंच तिथं खरं बोलता येत होतं. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत असं कर्ज मी पाहिलेलं नाही.

रात्री जेवताना भाचीनं तोच मजकूर अक्कालाही वाचून दाखवला, नाव न सांगता. मी ताटात बघत बसलो. मला वाटलं, आता "आमच्या वेळी" सुरू होणार. अक्कानं भाताचा घास तसाच ठेवला.

"त्या पोरीजवळ रात्रीचं कुणी नाही का गं?" तिनं विचारलं.

"आहे की," भाची म्हणाली, "शेजारच्या खोलीत."

अक्का तिच्याकडं बघत राहिली. मग उठली, हात धुतले आणि आपली गादी गुंडाळायला लागली. भाचेजावयांनी दोनदा विचारलं की मग मी कुठं झोपू. त्यांना कुणी उत्तर दिलं नाही.