सोसणाऱ्यांचं दुखणं

लांब पल्ल्याच्या खेळात माणूस वर्षानुवर्षं एकच गोष्ट अंगी बाणवत असतो : शरीर 'पुरे' म्हणालं, तरी थांबायचं नाही. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर मांड्या भरून येतात, पाठ धरते, तळहात बधिर होतात, आणि तरीही पायडल फिरत राहतं. या सवयीचं आपण कौतुक करतो, आणि ते रास्तही आहे. पण सायकलवरून पडून हाड मोडलं की हीच सवय वैरी होते. शरीराकडे दुर्लक्ष करण्यात जो तरबेज झाला, त्यालाच आता शरीराचं ऐकायला बसावं लागतं.

ब्रिटिश ट्रायथलीट टिम डॉन याची गोष्ट या खेळातल्या लोकांना ठाऊक असते. मे 2017मध्ये ब्राझीलला त्याने आयर्नमॅन, म्हणजे 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन, 7 तास 40 मिनिटं 23 सेकंदांत संपवून विश्वविक्रम केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात, हवाईतल्या कोना इथली जागतिक स्पर्धा अगदी तोंडावर आली असताना सरावात एका गाडीने त्याला उडवलं. मानेचा दुसरा मणका मोडला. मणके कायमचे जोडून टाकणं हा एक मार्ग होता. पण मग मान पूर्वीसारखी वळली नसती आणि व्यावसायिक खेळ संपला असता. डॉनने 'हॅलो' पत्करला : डोक्याभोवती धातूचं कडं, ते स्क्रूंनी थेट कवटीत बसवलेलं, आणि तिथून खांद्या-छातीवरच्या जाकिटापर्यंत आलेल्या सळ्या. आडवं होऊन झोपण्याचीही सोय नाही, बसल्या बसल्याच डोळा लागेल तेवढी झोप. असे तीन महिने.

एप्रिल 2018मध्ये तो बॉस्टन मॅरेथॉन धावला. त्या दिवशी तिथे बोचरी थंडी होती, समोरून वारा आणि धो धो पाऊस. 2 तास 49 मिनिटं 42 सेकंद. अपघाताला जेमतेम सहा महिने झाले होते. ही गोष्ट 'जिद्दीची कहाणी' म्हणून सांगितली जाते, आणि सांगणारा बॉस्टनवरच रेंगाळतो. खरी कमाई मात्र आधीच्या तीन महिन्यांतली आहे. सोसण्याची जी ताकद त्याने धावण्यासाठी कमावली होती, ती त्याने मान न हलवण्यासाठी खर्च केली. वैद्यकीय देखरेखीत, सोसेल तेवढाच वेळ, हॅलोसकट तो जिममधल्या जागच्या सायकलवर बसला. रस्त्याचं नाव काढलं नाही.

नेदरलँड्सची सायकलपटू आनेमीक फान फ्लॉइटन हे दुसरं उदाहरण, आणि ते जरा अडचणीचं आहे. 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोड रेसमध्ये आघाडीवर असताना ती उतारावर कोसळली. कण्याला तीन बारीक फ्रॅक्चर आणि मेंदूला हादरा. पुढच्याच वर्षी तिने टाइम ट्रायलचं जगज्जेतेपद मिळवलं. 2018मध्ये इन्सब्रुकच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा पडली, गुडघ्यापाशी हाड मोडलं, आणि त्याच अवस्थेत तिने शर्यत पूर्ण करून सातवा नंबर काढला. या सातव्या नंबराचं जगभर कौतुक झालं. तिच्या धैर्याला नमस्कारच. पण हौशी सायकलस्वाराने यातून 'मोडलेल्या हाडानेही चालवायचं असतं' एवढंच उचललं, तर त्याचं नुकसान ठरलेलं आहे. त्यानंतरचे शस्त्रक्रियेचे आणि सक्तीच्या विश्रांतीचे महिने कुणी आठवत नाही. ते महिने नसते, तर 2019मध्ये यॉर्कशरला 100हून अधिक किलोमीटर एकटीने पुढे राहून ती रोड रेसची जगज्जेती झाली नसती.

फसगत नेमकी कुठे होते, ते शरीरशास्त्रात सापडतं. कमावलेला दम झपाट्याने जातो. 1966मध्ये डॅलस इथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं, तर त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चौथ्या हिश्श्याहून अधिक घसरली. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना तपासलं तेव्हा दिसलं, की तीन दशकांच्या वयाने त्यांची जितकी हानी केली नव्हती, तितकी त्या तीन आठवड्यांनी केली होती. हात गळ्यात अडकवून घरी बसलेल्या सायकलस्वाराला असं काही वाचून घाम फुटतो. पण 1984चा एडवर्ड कॉइल यांचा अभ्यासही त्याने वाचावा. मुरलेल्या खेळाडूंनी सराव सोडल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत त्यांची क्षमता 7 टक्के घटली, आठ आठवड्यांत 16 टक्के, आणि तिथे ती थांबली. बारा आठवड्यांनंतरही ते कधीच व्यायाम न केलेल्यांपेक्षा पुढेच होते. स्नायूंतल्या केशवाहिन्यांचं जाळं तर जवळपास जसंच्या तसं होतं. वर्षांची मेहनत पार धुऊन जात नाही.

जातो झपाट्याने, तसा दम परततोही लवकर. रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढू लागतं, हृदय दर ठोक्याला पुन्हा जास्त रक्त ढकलू लागतं, आणि घरच्या ट्रेनरवर काही आठवडे घाम गाळला की छाती सांगू लागते, 'झालो तयार.' हाडाचं वेळापत्रक मात्र वेगळं असतं. कॉलरबोन जुळून यायला सहा ते आठ आठवडे लागतात, मांडीच्या हाडाला महिनोन्‌महिने. प्लेट बसवली म्हणून हाड जुळलं असं होत नाही; प्लेट फक्त दोन तुकडे जागेवर धरून ठेवते. म्हणजे धोका सर्वांत मोठा असतो तो माणूस अशक्त असतो तेव्हा नव्हे, त्याला पुन्हा छान वाटू लागतं तेव्हा.

याचा अर्थ पडून राहावं असा मुळीच नाही. हाड ताणाला प्रतिसाद देत घट्ट होतं, हे युलियुस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने एकोणिसाव्या शतकातच मांडलं. मेंदूच्या हादऱ्यानंतर अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस पडून राहायचा सल्लाही आता मागे पडला आहे. एक-दोन दिवस बेताची विश्रांती, मग हलकी हालचाल, आणि त्रास वाढत नाही ना हे पाहून पुढची पायरी. कुठल्या दिवशी किती, हा निर्णय मात्र डॉक्टर आणि फिजिओचा. तो घड्याळावरच्या आकड्यांवरून किंवा क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होऊ नये.

ख्रिस फ्रूमचं उदाहरण कमी सांगितलं जातं, कारण त्याचा शेवट पदकात होत नाही. चार वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला हा माणूस जून 2019मध्ये फ्रान्समधल्या एका शर्यतीचा मार्ग पाहताना भिंतीवर आदळला. मांडीचं हाड, कोपर, बरगड्या मोडल्या. पुढच्या फेब्रुवारीत तो शर्यतीत उतरला, पण पूर्वीचा फ्रूम परत आला नाही. जुलै 2022मध्ये अल्प द्युएझच्या चढावर तो त्या दिवसाच्या टप्प्यात तिसरा आला, तेवढीच एक मोठी झलक. याला अपयश म्हणणाऱ्यांचं मन फार कोतं आहे. मोडलेली मांडी घेऊन पुन्हा त्या चढावर पोचणं हे स्वतःच्या बळावर उभं राहणारं काम आहे, त्याला टूर जिंकतानाच्या जुन्या पिवळ्या जर्सीची फूटपट्टी लावायचं कारण नाही.

आणि भीती. एप्रिल 2024मध्ये स्पेनच्या बास्क प्रांतातल्या शर्यतीत सायकलपटू योनास विंगेगार्ड उतारावर पडला. कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. आपण आता मरतो, असं तेव्हा वाटल्याचं त्याने नंतर उघडपणे सांगितलं. तीन महिन्यांनी टूरमध्ये त्याने एक टप्पा जिंकला आणि एकूण दुसरा आला, तरी ते वाक्य त्या निकालाइतकंच मोलाचं आहे. उतारावर ब्रेकवर बोटं आवळली जातात, खांदे ताठ होतात, वळण दिसायच्या आधीच पोटात गोळा येतो. याची मोजणी कुठल्याच यंत्रावर उमटत नाही, म्हणून हौशी खेळाडू ते कुणाला सांगतही नाही.

पुण्या-नाशकाकडच्या, नागपूरकडच्या सायकलस्वारांना या बाबतीत एक चांगली सोय आहे. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल-फेरीत, पहिला-दुसरा नंबर नसतो. दिलेल्या वेळेत पूर्ण केलं की झालं. 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरचाही वेग लागत नाही. डॉक्टरांनी मोकळं केल्यावर परतणाऱ्याने आपला जुना 600 किलोमीटरचा विक्रम बाजूला ठेवून आधी यात नाव घालावं, आणि मान किंवा खांदा कुरकुरला तर पहिल्याच कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या ठिकाणी, बिनदिक्कत थांबावं. घाटाच्या उतारावर हात थरथरू लागलेच, तर सायकल हातात धरून तेवढा भाग चालत उतरण्याइतका वेळ त्या साडेतेरा तासांत असतो.