पाटलालाही बोलू दे

कोयनानगर

चि. बाळ,

साताऱ्याच्या प्रतिसरकारवरचं तुझं नाटक वाचलं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रवेशाला अंगावर काटा आला. पण तुझा पोलीस पाटील पटला नाही. नुसता मिशा पिळतो आणि साहेबापुढे वाकतो. इंग्रजांच्या बाजूची सगळी माणसं अशी पोकळ असती, तर साताऱ्याला १९४६ पर्यंत झुंजावं लागलं नसतं.

त्याच्या वतनाचा विचार कर. जमीन, होळी-पोळ्याचा मान, सगळं त्यावरच. गावात कोण आलं-गेलं हे ठाण्याला कळवलं नाही तर वतन जायची भीती. कळवलं तर रात्री प्रतिसरकारच्या तुफान सेनेची माणसं दारात. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गेंसह नऊ जण हुतात्मे झाले. हे ऐकून सरकार हरेल असं किती जणांना वाटलं असेल? त्यात घरोघरी पलटणीतली माणसं. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्याचे ४६ जण पडले होते. आता दुसऱ्या महायुद्धात ज्याचा मुलगा इटलीत लढतोय आणि त्याच्या मनिऑर्डरीवर चूल पेटते, त्या बापानं काय करायचं?

महारवाडा तर तुझ्या नाटकात दिसतच नाही. तिथले सगळे इंग्रजांकडे होते असं मुळीच नाही. पण १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, भरतीचं बंद दार उघडलं. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळू लागले. स्वराज्यात तरी पाणवठा मोकळा होईल का, असं तिथल्या कुणी विचारलं तर ती गद्दारी नव्हे. अमेरिकेतही १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर यानं बंडखोर मालकांच्या गुलामांना, राजाच्या बाजूनं लढलात तर मुक्त करू, असं जाहीर केलं. स्वातंत्र्याची गर्जना करणाऱ्या मालकांना सोडून शेकडो गुलाम त्याच्याकडे गेले. त्यांना देशद्रोही म्हणशील?

मात्र खबऱ्याला सोडू नकोस. भिऊन गप्प बसणं वेगळं आणि बक्षिसासाठी भूमिगतांचा ठावठिकाणा विकणं वेगळं. हा फरक प्रेक्षकाला स्पष्ट दिसलाच पाहिजे.

दुसऱ्या अंकात पाटलाला एक अख्खी रात्र दे. कार्यकर्ते राजीनामा मागताहेत, बायको मुलाचं पत्र पुढे करते, सकाळी फौजदार यायचाय. त्याला मनातलं बोलू दे, कार्यकर्त्यांना ते मुकाट ऐकू दे, आणि मग निर्णय त्याचा त्यालाच घ्यायला लाव. लिहून झालं की पाठव.

तुझी आत्या